वामनरावांच्या फळ्यावरचा आकडा

विणकरांच्या एका गावात वामनराव टेंभे नावाचे गृहस्थ संगणक दुरुस्त करत. दुकानाबाहेर त्यांनी एक काळा फळा टांगला होता. कोणी नवे यंत्र घ्यायला निघाले की वामनराव ते तपासत आणि शंभरपैकी गुण फळ्यावर लिहीत. अकरा वर्षांत एकही आकडा चुकला म्हणून पुसावा लागला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याचे कष्ट ते घेत नसत.

त्या वर्षी विणकर सोसायटीला पदराची नक्षी काढण्यासाठी एक संगणक हवा होता. पारखायला दोन आणले, एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप. दोन्हींत वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. पडद्यावर चित्र उमटवणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात होता, आणि तो दोन्हींत एकाच जातीचा होता. मेमरीही दोन्हींत आठ जीबी. वामनरावांनी तपासले आणि लिहिले: डेस्कटॉप चौसष्ट, लॅपटॉप एकेचाळीस.

नक्षी काढायची सुमन दिवटे. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. लॅपटॉप मिळाला तर ती घरी बसून काम करणार होती. डेस्कटॉप आला तर तो कचेरीत बसणार आणि काम चेअरमनच्या भाच्याकडे जाणार. भाच्याला नक्षीत गती नव्हती, पण वेळ भरपूर होता.

सुमन दुपारी दुकानात आली. फळा वाचून म्हणाली, "काका, दोघांचं काळीज एकच म्हणता, मग इतका फरक?"

"लॅपटॉपचं असंच असतं. अंगानं लहान, तसा दमानंही लहान."

"आमच्यात दोन विणकरांची पैज लागली ना, तर आधी दोघांच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका मोजतात. एकाला एकच बाई कांड्या भरून देत असेल आणि दुसऱ्याला दोघी, तर पहिला थांबतो तो सुतासाठी. त्याला कोणी मंद म्हणत नाही."

वामनराव हसले. "संगणकाला बायका नसतात, सुमन."

ती गेली. वामनरावांचे हसू मात्र टिकले नाही. प्रोसेसरच्या पोटातल्या त्या भागाला स्वतःची मेमरी नसते. यंत्राच्या मेमरीतूनच त्याला माल मिळतो. त्यांनी दोन्ही यंत्रे उघडली. डेस्कटॉपमध्ये मेमरीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, लॅपटॉपमध्ये आठची एकच. बेरीज सारखी होती. वामनरावांनी बेरीजच पाहिली होती. एकाला दोन हात कांड्या देत होते, दुसऱ्याला एक.

त्यांनी ती काढून लॅपटॉपमध्ये दुकानातल्या चार-चारच्या दोन पट्ट्या घातल्या आणि पुन्हा तपासले. साठ.

वामनरावांनी फळ्याकडे पाहिले. गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होते? गावात पट्ट्या मोजणारे तेच एकटे. फळा तसाच स्वच्छ राहिला असता, आणि सुमनचे काम गेले असते.

संध्याकाळी सोसायटीची माणसे निर्णय घ्यायला दुकानापुढे जमली. वामनराव ओले फडके घेऊन बाहेर आले. सगळ्यांदेखत त्यांनी एकेचाळीस पुसला, साठ लिहिला आणि खाली अक्षर मोठे काढून लिहिले: आधीचा आकडा चुकला होता. चूक माझी.

चेअरमन भांडगे म्हणाले, "तरी डेस्कटॉपच चार गुणांनी पुढे आहे की, वामनराव!"

"आहे. ते मी पुसलेलं नाही. पण पदराची नक्षी पन्नासांतही नीट निघते. उरलेले चार गुण भाच्याला द्या, त्याला लागतील."

माणसे हसली. भांडगेही हसले, थोडे उशिरा. लॅपटॉप दोन पट्ट्यांसकट सुमनच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. गुण वाचायला कोणी आले नव्हते, वामनरावांची चूक वाचायला आले होते. वामनरावांनी ती आठवडाभर पुसली नाही. त्यानंतर मात्र गावातले जुने विणकरही आपले संगणक तपासायला त्यांच्याकडेच आणू लागले.

तात्पर्य: कोण मागे पडला हे सांगण्याआधी कोणाला किती हातांची साथ होती ते मोजावे, आणि निकाल चुकला असेल तर तो जिथे लिहिला, तिथेच सर्वांसमोर दुरुस्त करावा.