गुड फ्रायडेची घंटा

फार फार जुनी गोष्ट. समुद्राकाठच्या एका उंच कड्यावर धर्मभगिनींचा मठ होता. तिथल्या मदरना लोक पुढे संत म्हणू लागले. तेव्हा मात्र त्या कांदा चिरताना चारचौघींसारख्याच कुरकुरायच्या.

मठाची एक रीत होती. येशूच्या मरणाचा शोक म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत घंटा वाजवायची नाही. गुड फ्रायडेला तर तोंडातून शब्दही काढायचा नाही. मदर म्हणायच्या, "गप्प बसा, म्हणजे देव काय म्हणतो ते ऐकू येईल." दारावरच्या सिस्टर रुफीनाने हे इतकं मनावर घेतलं होतं, की त्या दिवशी ती शिंकसुद्धा गिळायची, बिचारी!

त्या वर्षी गावात एक आंधळा म्हातारा नवाच राहायला आला होता. दुपारची घंटा झाली की तिच्या रोखाने कडा चढून तो मठात जेवायला यायचा. घंटेच्या रीतीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुड फ्रायडेच्या दुपारी तो सवयीने निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला.

"अहो सिस्टर, आज घंटा का नाही? आहे का कुणी?"

रुफीनाने दारातून हाताने 'इकडे या' अशी खूण केली आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. आंधळ्याला कसली खूण! तिने टाळ्या वाजवल्या, त्या लाटांच्या आवाजात विरल्या. म्हातारा चाचपडत कड्याच्या टोकाकडे वळला.

रुफीनाला काही सुचेना. हाक मारावी तर नेम मोडतो, आणि या वाऱ्यात ती कुठून आली ते त्याला कळणारही नाही. घंटा? आज? अरे देवा! तिने दोरी धरली, सोडली, पुन्हा धरली. म्हाताऱ्याची काठी टोकापलीकडे पोकळीत गेली, तशी तिने डोळे मिटून दोरी ओढली.

घण्ण! म्हातारा जागीच थांबला, वळला आणि आवाजाच्या रोखाने दाराशी आला.

सगळ्या सिस्टर धावत बाहेर आल्या. बोलायची सोय नाही, म्हणून सगळ्यांनी डोळेच वटारले. मागून मदर आल्या आणि चक्क बोलल्या.

"रुफीना, प्रायश्चित्त करावं लागेल."

"घंटा वाजवली म्हणून ना, मदर?"

"छे गं! उशिरा वाजवलीस म्हणून. यांना जेवू घाल आणि हात धरून गावात पोचव. वाटभर यांच्याशी बोल."

"पण मदर, आजचं मौन? देवाचं ऐकायचं होतं ना?"

"अगं, तो केव्हाचा विचारत होता, 'आहे का कुणी?' म्हणून."

ही शिक्षा की बक्षीस, रुफीनाला काही केल्या उमजेना. ती गोंधळूनच कडा उतरत होती.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "आज घंटा फार उशिरा झाली गं."

"चुकलं, बाबा," रुफीना म्हणाली आणि रडू लागली. त्याचा हात मात्र तिने सोडला नाही.

तात्पर्य: नेम देवासाठी असतात, आणि देव कुणाच्याही आवाजात हाक मारतो. ती ऐकू आली की उशीर करू नये.