सरनोबत साहेबांचं कलम

“…सगळं फुकट देऊनसुद्धा पोरं पळून जातात, ती का?”

सरनोबत साहेबांनी विचारलं खरं, पण त्यांना उत्तर नको होतं. दुजोरा हवा होता. पोरंच आळशी, एवढं ऐकलं की ते जीपमध्ये बसून परत जाणार होते.

दाजी धुरी आंब्याची कलमं बांधत बसले होते. पन्नास वर्षं तेच करत आलेला माणूस. त्यांच्याकडं शिकायला आलेलं पोर अर्ध्यातून उठून गेल्याचं त्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं.

साहेब शेती प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख, पदवीला सुवर्णपदक. आणि त्यांच्या चाळीस पोरांतली चौतीस गळाली होती. पुढची तुकडी टिकली नाही तर केंद्राला कुलूप लागणार होतं.

“जेवण देतो, राहायला देतो, पडद्यावर धडे दाखवतो,” साहेबांनी बोटांवर मोजलं. “आणि शंभरातली पंच्याण्णव कलमं लागतात आमच्याकडं!”

“पोरांनी बांधलेली?”

“पोरांनीच. मरतात ती आमचा माळी रविवारी बदलून टाकतो, पोराच्या नावाची चिठ्ठी तीच ठेवतो. उगाच कोवळ्या पोरांचा धीर खचायला नको.”

दाजींचा हात थांबला…

“सायबा, तुमी एक बांधतास?”

सुवर्णपदकवाल्याला हे विचारणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहतोस का विचारणं. साहेबांनी बाह्या वर सारल्या आणि चाकू डाव्या हातात धरला. या डाव्या हातापायी त्यांनी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, पण हात बदलला नव्हता.

कोयीतून उगवलेल्या रोपाचा त्यांनी शेंडा उडवला, खोडाला उभी चीर दिली. हापूसची काडी दोन्हीकडून तासून त्या चिरेत बसवली, वरून प्लॅस्टिकची पट्टी गच्च गुंडाळली. चिठ्ठीवर लफ्फेदार अक्षरात लिहिलं, ‘सरनोबत’.

“वीस वर्षांनी बांधलं,” ते म्हणाले, “पण हात विसरत नाही, दाजी.”

“तीन आठवड्यांनी येवा.”

साहेबांना कुठला दम निघतोय! अठराव्या दिवशीच जीप फाटकात उभी.

‘सरनोबत’ चिठ्ठीच्या काडीवर तांबूस, कोवळी पालवी फुटली होती. साहेबांची छाती दोन बोटं वर आली. ड्रायव्हरला हाक मारून त्यांनी फोटो काढायला लावला, कलमाची पिशवी हातात घेतली, हसले…

आणि पट्टीकडं बघतच राहिले.

डावखुऱ्याचे वेढे उलटे पडतात. हे सुलटे होते.

“हे माझं नाही.”

“लागला ना? मगे?”

“माझं नाही म्हणतोय ना! माझं कुठंय?”

“तुमचा मेला. म्हटलंय, सायबाचो धीर खचूक नको.”

साहेबांचे कान तापले. वरिष्ठांनी चारचौघांत झापलं होतं तेव्हाही इतका राग आला नव्हता.

“माझं मला द्या!”

दाजींनी हनुवटीनं बांधाकडं दाखवलं. तिथं एका पिशवीत काळी पडलेली काडी उभी होती.

साहेब इस्त्रीच्या पँटसह चिखलात बसले. पट्टी उलगडली. काडी एका बाजूनं जास्त तासली गेली होती, आत फट राहिली होती आणि फटीत पाणी साचलं होतं. चूक नखाएवढी, पण त्यांची स्वतःची. किती तरी वेळ ते ती न्याहाळत बसले. लाज वाटली. तरी ती काडी त्यांनी फेकली नाही. पुसली आणि पदक ठेवावं तशी वरच्या खिशात ठेवली.

फाटकात हॉर्न वाजला. अकराला मीटिंग होती.

“तू जा पुढं!” साहेब तिथूनच ओरडले. “मी थांबतोय.”

मग त्यांनी दाजींपुढं हात केला.

“दुसरं रोप द्या. आणि हे मेलं, तरी कुणी हात लावायचा नाही… सांगून ठेवतो.”

दाजींनी रोप दिलं. चाकूही दिला, त्यांच्या डाव्या हातात.

मग दाजी पहिल्यांदा हसले.

“लिवून घेवा, सायबा… एक पोर टिकला.”