लाखेनं बंद केलेले चाळीस घडे

राजवाड्यातली बातमी डोंगरात पोचायला आठवडा लागत असे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगरउतारावर तुळाजी आणि त्याची बायको चिमा राहत. परसातल्या वेलाची द्राक्षं तुडवून तुळाजी दरवर्षी दोन घडे आसव करी. करायचा हौसेनं, मुरू द्यायचा सावकाश, प्यायचा पाहुण्यांसोबत.

पण चवीचा बोलबाला झाला. दोनाचे दहा घडे झाले, एका वेलाचा मळा झाला, मुलगे-सुना कामाला लागल्या. एके दिवशी राजाचा कारभारी दारात उभा राहिला.

"राजकन्येचं लग्न आहे. चाळीस घडे हवेत. पौर्णिमेपर्यंत गाड्या पाठवतो."

आनंदाच्या भरात तुळाजीनं लगेच शब्द दिला.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. चिमानं एका घड्याला कान लावला आणि ती घाबरली.

"अहो, रस अजून फसफसतोय. आत्ता तोंडं बंद केली तर घडे फुटतील. पंधरा दिवस तरी थांबा."

"राजाघरचं लग्न पंधरा दिवस थांबणार आहे का?" तुळाजी खेकसला. तिचं म्हणणं खरं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यानं लाकडी बुचं ठोकायला लावली आणि वरून लाख ओतली.

पौर्णिमेची दुपार तापली. चिमा घड्यांचं कोठार झाडत असताना एक घडा फुटला आणि खापरीचा तुकडा तिच्या डाव्या डोळ्यात घुसला.

सुनांनी तिला उचलून बाहेर नेलं. आत एकोणचाळीस घडे होते. कुठला कधी फुटेल, कुणालाच सांगता येत नव्हतं. मुलगे आत जायला धावले, पण तुळाजी दारात आडवा आला.

"कुणी आत यायचं नाही! बंद करायला मी लावले, उघडीनही मीच."

डोक्याला घोंगडी गुंडाळून तो एकटा आत शिरला. सुरीनं लाख तासली, बूच सैल केलं. हिस्स करून हवा सुटली. मग दुसरा घडा. तिसरा. सातव्याचं बूच उडून आढ्याला लागलं. सुरी हातातून गळून पडली. त्यानं ती उचलली. बावीस उघडून झाले आणि पाठीमागे एक घडा फुटला. पाठ रक्तानं भिजली, पण तो थांबला नाही.

शेवटचं बूच निघालं, तेव्हा अंगणात बैलांचे घुंगरू वाजले. गाड्या आल्या होत्या.

उघडे घडे पाहून कारभारी संतापला. "शब्द दिला होतास ना?"

"दिला होता, सरकार. चुकलंच माझं. आसव तयार नाही. आत्ता बंद करून दिले आणि वाटेत घडे फुटले तर तुमच्या गाडीवानांच्या जिवावर बेतेल."

"मग राजवाड्याचं दार तुला कायमचं बंद!"

"असू द्या," तुळाजी म्हणाला.

रिकाम्या गाड्या परत फिरल्या. तुळाजीच्या हयातीत राजवाड्याचं बोलावणं पुन्हा आलं नाही. चिमाचा डोळाही कायमचा गेला. मळा मात्र वाढला, सावकाश वाढला. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, घड्यांची तोंडं कधी बंद करायची ते चिमा सांगे आणि तिच्या शब्दापुढे तुळाजी कधी गेला नाही. पुढे दूरदूरच्या राज्यांतले व्यापारी आसव मुरेपर्यंत त्या डोंगरात मुक्काम ठोकून राहू लागले.

बोध असा: हौसेचा धंदा खुशाल करावा, पण हौसेत पाळलेली सबुरी धंद्यात सोडू नये.