नकाशावर नसलेला खडक

"मग बुवा, सभेत पास्कूसाठी दोन शब्द तुम्ही बोलाल ना?"

दिगंबर सारंगने हे तिसऱ्यांदा विचारलं.

अर्जुनबुवा जाळ्याची कड शिवत होते. आमच्या बंदरातल्या दोन पिढ्यांना समुद्र त्यांनी शिकवला. दिगंबर त्यांचा लाडका चेला. आता मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो. मी हे त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.

मी शेजारी बसलो होतो.

"संध्याकाळी मोबाईलवर सभा आहे," दिगंबर म्हणाला. "तीनशे माणसं जोडली जातात. ट्रॉलरवाले, हॉटेलवाले, कारखान्याचे साहेब, सरकारी लोक. कोणाचा कचरा समुद्रात कुठे पडतो, सगळं मोबाईलच्या नकाशावर, सगळ्यांना दिसतं. एरवी ही माणसं एका जागी बसली असती का? मी बसवली."

"हं."

"जाळं तुटून समुद्रात राहिलं, की मालकाने तिथे लाल खूण करायची. मग पाणबुडे ते काढतात."

"पास्कू गेला तिथे खूण होती?"

"...नव्हती."

पास्कू डिमेलोच्या होडीचा पंखा जुन्या जाळ्यात गुंतला होता. जाळं खडकाला अडकून पाण्यात तरंगत होतं. पंखा सोडवायला तो उतरला. त्याचा देहच जाळ्यासकट वर काढावा लागला. नऊ दिवस झाले.

"जाळं कोणाचं?"

"आता कोण कबूल होणार, बुवा? ट्रॉलरवाल्यांचंच असणार. आज झापतोच त्यांना. आधी दोन मिनिटं शांतता, मग..."

"दोन वर्षं गप्प बसलास. आणखी दोन मिनिटं कशाला?"

दिगंबरचा चेहरा उतरला.

"मी?"

बुवांनी घोंगडीखालून, पास्कूला सोडवताना कापलेल्या जाळ्याचा हातभर तुकडा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. कडेच्या दोरीला एक गाठ होती. तशी गाठ आमच्या बंदरात दोघेच मारतात, बुवा आणि त्यांचा हा चेला.

दिगंबरने गाठ अंगठ्याने चाचपली.

"दोन वर्षांपूर्वी जाळं तुटलं तेव्हा खूण केली असती तर खडक सगळ्यांना कळला असता," दिगंबर खाली बघून म्हणाला. "सुरमईची जागा आहे ती. तुम्हीच शपथ घातली होती, बुवा. जीव गेला तरी जागा सांगायची नाही."

"घातली होती."

"काल पास्कूच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, दिगूदादा, तुम्ही शोधायला गेलात म्हणून तो सापडला तरी..."



त्याने मोबाईल काढला. नकाशा उघडला. बोट अधांतरी थांबलं... मग टेकलं. लाल ठिपका उमटला. खाली त्याचं नाव.

थोड्या वेळाने फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. त्याने घेतला नाही.

"बघितलं लोकांनी," तो म्हणाला. "पास्कू काही परत येत नाही. मग हे करून उपयोग काय, बुवा?"

बुवांनी सुई खाली ठेवली. हात धोतराला पुसला आणि मोबाईलसाठी पुढे केला.

"त्या खडकावर माझीही दोन जाळी राहिली आहेत. खूण कशी करायची, मला शिकव."