चिखलाच्या हाताचं मानपत्र

निरगुडीच्या ओढ्यावर हा बांध दिसतो ना, मधोमध फुटलेला, तो आम्ही परत भरत नाही. त्याचं कारण जुनी माणसं असं सांगत.

फार मागं खेत्रोजी देशमुखांनी हा बांध घातला. पूजेच्या दिवशी त्यांचा भाट हिराजी स्तुती गायला आला. पाय धुवायला तो खाली उतरला, तेव्हा बांधाच्या पायथ्याशी त्याला ओल दिसली म्हणे. सांगावं असं मनात आलंही. पण हलगी वाजत होती, देशमुख मिशीवर हात फिरवत बसले होते, आणि भाटाचं तोंड एकदा सुटलं की सुटलं. "समुद्र चालून आला तरी या बांधापुढं हात जोडून माघारी जाईल," असं तो गायला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

त्या शब्दावर विसंबून लोकांनी बांधाच्या खालच्या अंगालाच घरं बांधली. हिराजीची लेक बायजाही तान्ह्या पोराला घेऊन तिथंच राहिली.

श्रावणात झड लागली. ओलीची धार झाली. हिराजी दारोदार फिरला, "निघा रं इथनं!" लोक त्याचंच कवन त्याला म्हणून दाखवू लागले. बायजाही हसली. "आबा, समुद्राला माघारी धाडलंत, आणि ओढ्याला भ्यालात व्हय?"

मग तो देशमुखांच्या सदरेवर गेला. "सरकार, मी खोटं गायलो."

"मुलखासमोर गायलास, तवा गोड लागलं. आता माझ्या तोंडाला काळं फासतोस?"

हिराजीनं वाद घातला नाही. त्याच्या शब्दाला आता वजनच उरलं नव्हतं. कोपरापर्यंत चिखलानं भरलेला हात त्यानं पुढं केला. "एकदा तुमचा हात बांधाच्या त्या धारेत घालून बघा. मग माझी गर्दन मारा."

देशमुख रागारागानं आले, धारेत हात घातला. आतली माती सरकत होती. हात काढला आणि ते स्वतःच ओरडत सुटले. देशमुख पळतात म्हटल्यावर लोकही निघाले. शेवटी बायजा, पोर काखेला मारून. ती टेकाडावर चढली आणि मागं बांध उघडला. घरं गेली, माणसं राहिली.

पुढं हिराजी गाणं सोडतो म्हणाला. देशमुख म्हणाले, "सोडू नको. पण गायच्या आधी हात चिखलात घालून ये." आणि बांधाचं भगदाड त्यांनी आठवण म्हणून तसंच ठेवलं.

आजही आमच्याकडे कुणाचा सत्कार असला की बोलणारा आधी ओढ्यावर जातो, मग तो आमदार असो की हेडमास्तर. चिखल वाळून कातडी ओढायला लागते, त्यामुळं भाषणं आटोपशीर होतात. मानपत्रही त्याच हातानं धरून वाचायचं. कागदावर पाच बोटं उमटतात. ज्याच्यावर बोटं नाहीत, ते मानपत्र इथं कुणी भिंतीला लावत नाही.