ढिगाऱ्यावरचं गवत

"...मग माझ्याच हातचं झाड तिथं का मरतं, बुवा? ती जागा शापित आहे का?"

चिंधाबुवांनी समोरच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. बंद पडलेल्या कोळसा खाणीसमोर त्यांची झोपडी होती. खाणीतून उपसलेली दगडमाती तिथंच ओतून ओतून केवढा तरी डोंगर झाला होता.

विचारणारा गुलाब निखाडे म्हणजे पंचक्रोशीतला नामी शेतकरी. वाळकी काडी खोचली तरी हा फुटवील, असं लोक म्हणायचे आणि हा गडी ते खरं मानायचा. वावरात तणाची काडी दिसली तर त्याला जेवण जायचं नाही.

त्याचा एकुलता एक सुदाम खाणीत कामाला होता. एका पावसाळ्यात ढिगारा घसरला आणि पोरगा त्याखाली गाडला गेला. देहसुद्धा हाती लागला नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्यात गुलाब त्या जागी आंबा लावायचा. डोक्यावर काळी माती न्यायचा, खांद्यावर पाणी न्यायचा. उन्हाळा लागला की रोप करपायचं. आता गुडघे गेले होते. बायको म्हणाली, पुरे करा. पण पोराच्या नावानं एक झाडसुद्धा उभं राहू नये, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

"चल, दाखव," बुवा म्हणाले.

दोघं चढले. पलीकडच्या उतारावर वाळलेलं कुसळी गवत होतं, मधून मधून रुई. त्याहून आधी ओतलेल्या जुन्या कडेला बाभळी होत्या आणि बाभळीच्या सावलीत एक पळस. बुवा बघत उभे राहिले. गुलाबनं नाक मुरडलं. कोणी लावलं नाही, पाणी घातलं नाही, असलं रानटी काय बघायचं, असं तो म्हणाला.

मग सुदामची जागा आली. सारवलेल्या अंगणासारखी लख्ख. मधोमध वाळकं रोप.

इथं गवत उगवतच नाही का, असं बुवांनी विचारलं. उगवतं की, गुलाब म्हणाला, पण दर अमावस्येला येऊन मी ते मुळासकट उपटतो. पोराच्या छातीवर तण कसं माजू देऊ?

नुकताच वळीव पडून गेला होता. दगडाआड गवताचा एक कोवळा झुबका गुलाबला दिसला. सवयीनं हात गेला. त्याआधीच बुवांनी तिथं आपला तळवा ठेवला. गुलाबची नखं म्हाताऱ्याच्या हातावर ओरखडली, रक्त आलं.

तळवा हलला नाही...

"हे उपटलंस की खाली काय उरतं?"

"दगड. माती धुपून जाते."

"तो पळस कोणाच्या सावलीत आहे?"

"बाभळीच्या."

"आणि बाभूळ?"

"गवतात रुजली असेल..." गुलाब बोलून गेला आणि थांबला.

त्यानं त्या लख्ख जागेकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे आंबा माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही."

"नाही."

"उपटायचं नाही, लावायचं नाही. मग मी इथं येऊन करू काय?"

बुवा खाली टेकले. शेजारची जागा त्यांनी हातानं दाखवली.

"इतकी वर्षं येतोस, गुलाबा... पोराजवळ घटकाभर बसला नाहीस."