आपाच्या धोंडीवरचं वाकडं अक्षर

निवटेवाडीच्या बंदरात उभं राहून उजवीकडे पाहिलंत की समुद्रात नाक खुपसून बसलेली एक काळी धोंड दिसते. ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जाता येतं. वेळ चुकवून गेलात तर भरती उतरेपर्यंत तिथेच बसावं लागतं, आणि गाव किनाऱ्यावरून तुमची मजा बघतं. धोंडीच्या समुद्राकडच्या अंगाला दोन अक्षरं कोरलेली आहेत. वरचं हातभर मोठं आणि रेखीव. खालचंही तेच, पण असं तिरपागडं, की वरचं अक्षर ताडी पिऊन घरी निघालंय असं वाटावं.

येणारा प्रत्येक पाहुणा ती अक्षरं बघून छातीठोकपणे काहीतरी सांगून जातो. कुणी म्हणतो खजिन्याची खूण, कुणी म्हणतो मोडी. काही वर्षांपूर्वी जाड चष्म्याचे एक अभ्यासक आले. तासभर धोंडीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, ही चिनी लिपी. वरचं अक्षर शुद्ध आहे, खालचं साफ चुकलंय, गावाची हरकत नसेल तर दुरुस्त करून देतो. गावाने त्यांना चहा पाजला, सोलकढी पाजली आणि शेवटच्या एसटीत बसवून दिलं. खालचं अक्षर चुकलंय हे गावाला सात पिढ्या ठाऊक आहे. ते तसंच राहायचं आहे.

त्याची हकिकत अशी सांगतात.

शिडाच्या जहाजांच्या काळात, एका वादळानंतर, निवटेवाडीच्या पुळणीला एक माणूस लागला. त्याने स्वतःला फळीला बांधून घेतलं होतं. बुडालेल्या चिनी जहाजावरचा तो सुतार. बरोबरचं कुणीच वाचलं नाही. त्याने आपलं नाव सांगितलं, पण ते गावाच्या जिभेवर काही बसेना. शेवटी त्यातलं जेवढं ऐकू आलं तेवढं घेऊन गावाने त्याला आपा म्हटलं, आणि तोही हाकेला ओ देऊ लागला.

आपाने बंदराच्या टोकाला खोपटं बांधलं आणि होड्या दुरुस्त करायला घेतल्या. चुना तेलात कुटून तो फटी अशा बुजवायचा की आत शिरायला पाण्याला लाज वाटे, म्हणे. गावातल्या छिन्न्या, कोयते, विळ्या, सगळ्यांना धारही त्याचीच.

लिहिण्यावाचण्यात मात्र गडी कच्चा. त्याला एकच अक्षर यायचं, आईने दाराच्या चौकटीवर काढायला शिकवलेलं. पण त्या एकट्या अक्षरावर त्याने सगळा कारभार भागवला. होडी दुरुस्त झाली की तिच्या नाकाडावर ते अक्षर काढायचा, म्हणजे ही सुखरूप जाईल. फळी बसवायची त्या जागी कोळशाने तेच, म्हणजे इथे ठेवा. कुणी तापाने फणफणला की त्याच्या उशाशी तेच, म्हणजे स्वस्थ पडून राहा. आणि हातोडी सापडेनाशी झाली की वाळूत बोटाने तेच काढून भुवया वर करायचा, म्हणजे कुठे? अभ्यासक म्हणाले, यात आपाची थापेबाजी नाही. चीनच्या जुन्या पोथ्यांत त्या अक्षराचा खरोखरच असा चौफेर वापर आहे. गाव म्हणालं, असेल, आपा खोटं कशाला सांगेल?

अक्षर म्हणजे वर छप्पर आणि छपराखाली बसलेली बाई. हे धाकू तांडेलाने घरी जाऊन बायकोला समजावलं. धाकू गावातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा म्होरक्या, आणि गावातला सगळ्यात मोठा वात्रट. भटजींच्या पडवीत शेळी बांधावी ती त्यानेच.

"घरात बाई निवांत बसलीय, म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ गो त्याचा," धाकू म्हणाला.

"निवांत बसलेली बाई?" दुर्पा चुलीवरून मान न वळवता म्हणाली. "ह्या घरात? कधी बघितलात? मग मेलं अक्षरच खोटं."

आपा रोज संध्याकाळी, ओहोटी असेल तर, त्या धोंडीवर जाऊन बसे. पहिल्याच वर्षी त्याने तिथे अक्षर कोरलं, समुद्राकडे तोंड करून. गावाला वाटायचं, सगळ्या होड्या सुखरूप याव्यात म्हणून कोरलंय, देवमाणूस! धाकूने एकदा जवळ बसून विचारलं, "आपा, यातला हा अर्थ कुठला रे?" आपाने क्षितिजाकडे बघत नुसत्या भुवया वर केल्या. धाकू समजला, पण ही गोष्ट कुणाला सांगायची नसते एवढंही समजला.

बारा वर्षं ती भुवई तशीच वर राहिली. गावात आपाला काही कमी नव्हतं. लोक त्याच्याशी बोलत, भांडत, त्याला लग्नाकार्यात पंगतीला बसवत. पण त्याच्या अक्षराला उत्तर म्हणून बारा वर्षांत कुणी एक रेघ ओढली नव्हती.

मग एका पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर पडल्या होत्या, पुरुषमाणसं रिकामी होती, आणि धाकूच्या डोक्यात किडा वळवळला. आपा लाकूड बघायला खाडीपलीकडे गेला होता. धाकूने आपली छिन्नी घेतली, एका कोपऱ्याला तुटलेली. आपा दोन महिने ती धारेला मागत होता आणि धाकू आज देतो उद्या देतो करत होता. त्याच छिन्नीने त्याने धोंडीवर, आपाच्या अक्षराखाली, बघून बघून तेच अक्षर खोदलं. छपरावरचं टिंब बाजूला घसरलं. बाईचा पाय छपराबाहेर गेला. धाकूला ते झकास वाटलं.

संध्याकाळी धाकू आणि त्याचे चार मित्र धोंडीची समुद्राकडची बाजू तिरकी दिसेल अशा केवड्याच्या बनात लपून बसले. आपा आला. त्याने खालचं अक्षर बघितलं. आता नाचेल, ओरडेल, किनाऱ्यावर आपली माणसं शोधत धावेल म्हणून पाचही जणांनी तोंडात पंचे कोंबले होते. आपाने नुसता अक्षरावर हात ठेवला. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत तो तसाच उभा होता. मग तो निघाला, तसे पाचही जण चोरून मागोमाग गेले. आपाने घरी जाऊन आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, खोपटं झाडलं, भात शिजवला आणि केळीची दोन पानं मांडली. एका पानासमोर आपण बसला. दुसरं वाढून ठेवलं. बऱ्याच वेळाने त्याने ते झाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच. त्या दिवशी बघायला दोघेच आले. तिसऱ्या दिवशी धाकू एकटाच आला, आणि तो हसत नव्हता.

घरी दुर्पाने विचारलं, "जेवत का नाही?" धाकूने सांगून टाकलं. दुर्पाने हातातली पळी खाली ठेवली.

"त्याला एक माणूस देऊन परत काढून घेतलात तुम्ही," ती म्हणाली. "उठा. जावा आणि तोंडाने सांगा. मी बरोबर येणार नाही."

धाकू निघाला. पुरावा म्हणून छिन्नी घेतली. बंदर ओलांडून त्या खोपटापर्यंतची वाट एवढी लांब कधी वाटली नव्हती त्याला. दारात उभा राहून त्याने एका दमात सांगितलं, "आपा, ते खालचं मी केलं. कुणी आलेलं नाही. मस्करी केली रे."

आपाने हात पुढे करून छिन्नी घेतली. तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्या छिन्नीने एक रेघ ओढली. रेघेच्या शेजारी केसाएवढी बारीक दुसरी रेघ उमटली, तुटक्या कोपऱ्याची. धाकू बघतच राहिला. धोंडीवरच्या त्याच्या प्रत्येक रेघेला ती जोडरेघ होती. गावातलं एक एक हत्यार ज्याच्या हाताखालून गेलेलं, त्याला ती पहिल्या संध्याकाळीच, हात ठेवताक्षणी कळली असणार.

"मग हे दुसरं पान?" धाकूने विचारलं. "तीन दिवस? कुणासाठी?"

आपाने छिन्नीने पानाकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"भात निवतोय," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "बस."

दोघे जेवले. आमटीत मीठ नव्हतं. धाकूने मागितलं नाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला, उद्या ते खोडून टाकतो. आपाने नकारार्थी मान हलवली. "वाकडं आहे," तो म्हणाला. "पण उत्तर आहे." आणि छिन्नी धारेला घेतली.

आपाला न्यायला जहाज कधीच आलं नाही. धाकू मात्र दरवर्षी, होड्या पाण्यात लोटायच्या आदल्या दिवशी, न बोलावता आपाकडे जेवायला जाई. दुसरं पान मांडलेलंच असे. आपा गेल्यावर त्याला धोंडीसमोरच्या पुळणीत पुरलं, असं सांगतात, आणि त्या वर्षापासून दुसरं पान धाकूच्या घरी मांडलं जाऊ लागलं.

आजही निवटेवाडीत त्या दिवशी प्रत्येक घरात एक पान जास्त मांडतात. वर्षभरात ज्याची खोडी काढली असेल त्याच्याकडे, न बोलावता, जेवायला जायचं असा रिवाज आहे. त्याने काही विचारायचं नाही. "भात निवतोय" एवढंच म्हणायचं. पूर्वी एकेका घरात दहादहा जण येऊन पडत आणि बायका कपाळाला हात लावत. आता गावातली पोरं बोटीवर किंवा मुंबईला. अर्ध्या घरांना कुलपं, आणि उरलेल्यांत कुठे एक म्हातारी, कुठे एक म्हातारा. ज्याची वर्षभर कुणी खोडीसुद्धा काढली नाही, त्याचं दुसरं पान झाकलेलंच राहतं.

म्हणून त्या दिवशी गावातले दोन-तीन वात्रट म्हातारे गुडघे धरत, एकमेकांना गप्प बस गप्प बस करत, पहाटे बाहेर पडतात. हातात गेरूचा डबा. एकट्यादुकट्याचं घर बघून त्याच्या स्वच्छ दारावर ते मोठं, गचाळ, वाकडं अक्षर काढतात: टिंब घसरलेलं, पाय छपराबाहेर. सकाळी घरातली म्हातारी दार उघडते, ते बघते, साऱ्या वाडीला ऐकू जातील अशा चार शिव्या हासडते, आणि आत जाऊन तांदूळ दुप्पट घेते.